सबोलच्या थडग्यावरची दुसरी मेणबत्ती

सहा नंबर वस्ती, पेनसिल्व्हेनिया
३ ऑक्टोबर १९७७

प्रिय ओलिन्का,

खुशाल असशील. हॅरॉल्ड आणि मुलं ठीक असतील आणि तुमच्या अॅरिझोनात अजून भट्टी पेटलेली असेल. इकडे अंगणात पहिलं हिव पडलं. माझ्या एमिलने कोबी चिरून आंबवायला पिंपात भरली, वर दगड ठेवला. आता घराला महिनाभर कसला वास येणार ते तुला सांगायला नको.

परवा तू फोन आपटलास. माझ्या कानात अजून घुमतोय. म्हणून पत्र लिहिते. पत्र आपटता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील, कारण तुझ्यासारखी चौकस बाई उभ्या वस्तीत झाली नाही.

तू मला बोलूच दिलं नाहीस. "आता वंशावळी कसल्या काढत बसलीस, घरात कामं नाहीत का," म्हणालीस. कामं पुष्कळ आहेत. पण झालं असं, की सप्टेंबरात मिशो मामाच्या रुडीने पावाची गाडी काच्मारांच्या कुंपणात घातली. भर दुपार, रस्ता कोरडा, समोर मांजरसुद्धा नाही. मालकाने त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता, तरी काढून टाकलं. सगळे म्हणाले, बाप तसा बेटा. मिशो मामा आठवतो ना? झुलत चालायचा, मान झटकायचा, ग्लास धरला की अर्धी बिअर शर्टावर. बेवडा म्हणूनच मेला बिचारा. रुडी तर थेंबाला शिवत नाही. "माझ्या वाट्याची बापाने पिऊन ठेवलीय," असं तोच म्हणतो आणि तोच हसतो.

मी त्याला पिट्सबर्गच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. एकट्याला बसमधून पाठवायची सोय राहिलेली नाही, लोक उठून दुसरीकडे बसतात. डॉक्टरने त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं, रेघेवरून चालवलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. जीभ काही केल्या बाहेर राहीना. मग त्याने रोगाचं नाव सांगितलं. हंटिंग्टन. मिशो मामाला तोच होता म्हणे, दारू नव्हतीच. किंवा दारू होती, पण नंतरची.

हा रोग आईबापांकडून येतो, ओल्गा. ज्याला आहे त्याच्या मुलांपैकी कुणाला येतो, कुणाला येत नाही, नाणं उडवावं तसं. चाळिशीच्या पुढेमागे हात, मग पाय, मग डोकं. औषध नाही. रक्त तपासूनही कळत नाही. "आमच्याकडे एकच तपासणी आहे," डॉक्टर म्हणाला, "तुमचं घराणं. कागदावर काढून आणा. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. ज्याला झाला तो काळा करा."

तर हे असं आहे. हौस नाही.

तू घाबरायचं काही कारण नाही. आपण हुडाक आहोत, सबोल नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे: आजीचा पहिला नवरा यान सबोल, त्याचा मिशो मामा. तो कोळशाच्या खाणीत मेला, मग आजीने घरातल्याच भाडेकरूशी, ओंद्रेय हुडाकशी लग्न केलं आणि आपली आई झाली. हुडाक आजोबांचे हात तुला आठवतात? पंच्याहत्तराव्या वर्षी घड्याळं उघडून दुरुस्त करायचे. आणि आजी तर अठ्ठ्याहत्तरीत नूडल्स इतक्या बारीक कापायची की मशीनने लाजावं. म्हणजे जे काही आलं ते सबोलकडून आलं, आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही. मी फक्त रुडीसाठी कागद भरते आहे.

रेजिनाला तिसरा महिना लागला. सकाळी उलट्या, दुपारी लोणच्याचा रस. जावई तिच्या मागे मागे बशी घेऊन फिरतो.

बाकी ठीक. शुक्रवारी चर्चच्या तळघरात बटाटा भरून पिरोही वळायला जाते, तेवढाच विरंगुळा. या वेळी माझे पिरोही उकळत्या पाण्यात तोंड उघडत होते आणि बटाटा सगळा पाण्यात. बर्ता म्हणते, "सिल्का, तुझे पिरोही तुझ्यासारखेच, तोंड मिटत नाही!" सगळ्या खूप हसल्या. मीही हसले.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

तुझी
सिल्का

*

सहा नंबर वस्ती
२१ ऑक्टोबर

प्रिय ओलिन्का,

तुझं निवडुंगाचं कार्ड मिळालं. मागे एकच ओळ: "मेलेल्यांना झोपू दे." छान आहे. पण मेलेले झोपलेले नाहीत ना, तीच तर पंचाईत आहे. ते उठून पावाच्या गाड्या कुंपणात घालत आहेत.

मी पावलीना मावशीकडे गेले होते. आजीची धाकटी बहीण म्हणजे आपली आजीच, पण आई मावशी म्हणायची म्हणून सगळी गल्ली मावशी म्हणते. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. दात चार आहेत पण जिभेला धार तीच. मी दारातून आत येते तोच म्हणाली, "ये गं. कोण मेलं?"

"कुणी नाही, मावशी. सहज आले."

"सहज कुणी म्हाताऱ्या माणसाकडे येत नाही. बस. खसखशीचा रोल आहे, खा. बर्ताने दिलाय, साखर घालायला विसरलीय, पण खा."

मी कागद काढला. गोल आणि चौकोन बघून तिला वाटलं मी शिवणकामाचा नमुना आणलाय. समजावून सांगितलं तेव्हा चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "सबोलचा बाप असाच होता. गावात म्हणायचे, जमिनीवर चालतो पण बोटीवर असल्यासारखा. पोरं त्याच्या मागे चालून नक्कल करायची. मीपण केलीय. आठ वर्षांची होते." आणि स्वतःच्या तोंडावर हलकेच एक चापट मारली.

मग आपोआप बोलत सुटली. पंधराव्या वर्षी ती एकटी बोटीने आली, ती आजीच्या हाताखाली राबायलाच. घरात सहा भाडेकरू, तीन दिवसपाळीचे, तीन रातपाळीचे. पलंग तीनच. "पलंग कधी गारच पडला नाही बघ," म्हणाली. "एक उठला की दुसरा त्याच उबेत शिरायचा. आणि आम्ही दोघी चुलीपाशी खाली. सगळ्यांचे डबे, सगळ्यांच्या पाठी घासायच्या, सगळ्यांची काळी चड्डीबनियनं."

"हुडाक आजोबा त्यातलेच?"

"त्यातलाच. रातपाळीचा. मुका नुसता. मीठ हवं असलं तरी मागायचा नाही, तसंच गिळायचा."

"आणि सबोल?"

"सबोल गाणारा. एप्रिलात त्याच्यावर खाणीचं छप्पर बसलं. मे महिन्यात तुझ्या आजीचं, झुझानाचं हुडाकशी लग्न."

मी म्हटलं, "एवढी घाई?" मला वाटलं काही मधुर ऐकायला मिळेल, म्हातारीही लाजेल. ती माझ्यावर खेकसली.

"घाई म्हणे! घर कंपनीचं होतं, पोरी. ज्या घरातून कुणा बाईचा नवरा खाणीत उतरत नाही ते घर महिन्यात खाली करायचं. भाडेकरू चालत नाही, नवराच पाहिजे. विधवेचं सामान रस्त्यावर फेकायचे. मी पाहिलंय, पाळण्यासकट. मिशो चार-पाच वर्षांचा. कुठे गेली असती ती? तेव्हा वस्तीत प्रत्येक बाईने हेच केलंय. नवऱ्याचं दफन करून आल्यावर टेबलाशी बसलेल्या भाडेकरूंकडे बघायचं आणि त्यातला एक निवडायचा."

मी कागदावर लिहीत होते. सहज म्हणून मोठ्याने म्हटलं, "मे महिन्यात लग्न. आणि आई जन्मली डिसेंबरात, सेंट निकोलसच्या दिवशी."

ओल्गा, तिचं चावणं थांबलं. चारच दात, पण थांबले ते मला दिसले.

"सातव्या महिन्याची होती," ती म्हणाली. "सगळ्यांना माहितेय." आणि लगेच, "एमिलने कोबीत शेपूची फुलं घातली का? बाजारची घालू नका म्हणावं, बुरशी येते."

त्यानंतर तोंडाला कुलूप. कोबी, बुरशी, पाद्रीबाबाचा नवा कुत्रा. निघताना मात्र माझा हात धरून बघत राहिली, सोडीच ना. मी हिसका देऊन सोडवला आणि म्हटलं, मावशी, बस चुकेल.

बसमध्ये मी बोटांवर मोजत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. सात महिन्यांची. आपण लहानपणापासून ऐकतो, आई सात महिन्यांची, म्हणून तिला आजीने शेगडीजवळ जपलं. पण त्या काळी सातव्या महिन्याची किती मुलं जगायची गं?

आई पन्नाशीपर्यंत जगली असती तर प्रश्नच नव्हता. डॉक्टर तेच म्हणाला: "तुमची आई म्हातारी होऊन गेली असती आणि हात स्थिर असते, तर मी तुम्हाला आत्ता घरी पाठवलं असतं." पण ती छत्तिसाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून गेली. तिच्या गोलाचं काय करू? काळा करू की पांढरा ठेवू? शेवटच्या वर्षात ती कप फोडायची, आठवतं? निळे कप सगळे एकामागून एक गेले. आपण म्हणायचो, आईला घाई फार. मला आता रात्रंदिवस त्या कपांचा आवाज ऐकू येतो.

ती सबोलची असेल तर तू, मी, रेजिना, तिच्या पोटातलं, तुझा डेनिस, तुझा पॉल. सगळे त्या कागदावर आहेत. मी फक्त रुडीसाठी भरते म्हणाले होते ना? तुम्हीही सगळे त्यावर आहात.

पावलीना मावशीखेरीज आता जिवंत कुणी नाही ज्याला माहीत असेल. मी पुन्हा जाईन. तू रागाव.

तुझी
सिल्का

*

सहा नंबर वस्ती
४ नोव्हेंबर

ओलिन्का,

बस. आधी खाली बस, मग वाच. हॅरॉल्ड घरात नसेल तर तो येईपर्यंत थांब.

परवा आत्म्यांचा दिवस झाला. दुपारी आम्ही सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. मावशी एमिलच्या दंडाला धरून. रुडी शेवंतीच्या कुंड्या घेऊन, तो कसा चालतो ते काय सांगू. फाटकापाशीच्या पोरांनी नक्कल केली. मावशीने काठी उगारली तेव्हा पळाली.

आजीच्या थडग्यापाशी मेणबत्ती झाली, हुडाक आजोबांच्या झाली, आईच्या झाली. आपली पद्धत तुला आठवते ना, थडग्यावर त्या माणसाच्या प्रत्येक लेकराची एक मेणबत्ती, लांब गेलेल्याची दुसऱ्याने लावायची आणि मेलेल्याचीही राहू द्यायची नाही. आईपुढे तुझी मी दरवर्षी लावते. तू कधी विचारलं नाहीस, ते सोड.

मग वरच्या रांगेत सबोलच्या थडग्यापाशी गेलो. रुडीने खिशातून मेणबत्ती काढली, मिशो मामाची. काडी काही पेटेना, तीन वाया गेल्या, चौथी एमिलने पेटवून दिली. सबोलचं एकच मूल, एक मेणबत्ती. झालं. मी वळले.

मागे वळून बघते तर मावशी गुडघ्यांवर. आपल्या पिशवीतून लाल काचेची दुसरी मेणबत्ती काढून तिने पहिलीच्या शेजारी ठेवली आणि पेटवली.

रुडी म्हणाला, "मावशी, ही दुसरी कुणाची गं? लहान होतो तेव्हापासून बघतोय, दोन असतात. मला वाटायचं चर्च लावतं."

"चर्च कधी कुणाला फुकट मेणबत्ती देतं होय रे?" ती म्हणाली. पण तिने वर बघितलं नाही.

ओल्गा, मला आठवलं. तुलाही आठवेल. लहानपणी हुडाक आजोबा आईला घेऊन या वरच्या रांगेत यायचे. आपल्याला खाली थांबवायचे. आई मेणबत्ती लावायची, ते टोपी हातात घेऊन मागे उभे राहायचे. आपण विचारलं तर आई म्हणायची, "मिशो मामाचे बाबा आहेत ना, म्हणून." आणि मामा तर आपली स्वतः लावायचा! दोन मेणबत्त्या, आणि आपण सगळ्यांनी इतकी वर्षं बघितल्या, आणि एकानेही मोजल्या नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, ही आईची आहे."

ती उठेना. एमिल धरायला गेला तर त्याला हात केला, थांब म्हणून. मग तिथेच, गारठलेल्या मातीवर बसून म्हणाली, "मी हुडाकला शब्द दिला होता. पण तोही गेला, आणि तुझा हात मी परवा धरून बघितलाय. आता कुणासाठी झाकू?"

तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण मला माझे सुचत नाहीत.

"सबोल गेला तेव्हा झुझाना पोटुशी होती. तिला आणि मला माहीत, तिसऱ्याला नाही. हुडाकला तिने लग्नाआधी सांगितलं. मी चुलीपाशी होते, बटाटे सोलत होते, मला वाटलं आता हा उठून जाणार आणि आम्ही रस्त्यावर. त्याने बूट चढवले. मग म्हणाला, 'म्हणजे पाळणा लागेल.' डबा उचलला आणि रातपाळीला गेला. सात महिन्यांची म्हणे! नऊ पौंडांची धोंड होती तुझी आई. मीच झेलली. शेगडीजवळ कसली ठेवतात, तिला दुपट्यात मावेना. शेजारणींना महिनाभर दाखवलीच नाही आम्ही."

"आणि मेणबत्ती?" रुडीने विचारलं.

"ती हुडाकनेच सुरू केली. पोर चालायला लागली तशी तिला घेऊन आला. झुझाना म्हणाली, लोक बघतील. तर तो म्हणाला, 'त्याचं मूल मी घेतलं. मेणबत्ती नाही घेणार.' एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही. तुझी आई गेल्यावर तो लावायचा. तो गेल्यावर मी."

आईला माहीत होतं का, मी विचारलं. मावशी म्हणाली, नाही. कोण जाणे.

आपण सबोल आहोत, ओल्गा. नाव तेवढं हुडाक.

आता उरलेलं लिहिते. मी हे पत्र दोनदा सुरू करून फाडलं.

पिट्सबर्गला मी रुडीची सोबत म्हणून गेले होते, हे खरंच आहे. पण रुडीला कपडे घालायला आत पाठवल्यावर डॉक्टर माझ्या पर्सकडे बघत होता. पर्स मांडीवर होती आणि तिची कडी खुळखुळत होती. त्याने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" म्हटलं, आतेबहीण. "आजीच्या कोणत्या नवऱ्याकडची?" म्हटलं, दुसऱ्या. "खात्री आहे?" म्हटलं, हो तर! तेव्हा तो म्हणाला, मग दुसरी कारणं असू शकतात, कुणाचे हात थायरॉइडनेही असे होतात, आधी घराणं नीट काढून आणा. मी त्या थायरॉइडला धरून बसले होते. कधी कुणी थायरॉइड व्हावा म्हणून माळ जपली असेल का? मी जपली.

पिरोही उन्हाळ्यापासून उघडत आहेत. शाळेच्या कँटीनमध्ये मी सूप वाढायचं सोडून भांडी घासायला लागले, तेही तुला सांगितलं नाही. एमिलला परवा टेकडीवरून उतरल्यावर सांगितलं. तो तळघरात गेला, कोबीवरचा दगड उचलला, पुसला, परत ठेवला. मग वर येऊन माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. त्याला कधीपासून कळलंय कोण जाणे.

मला भीती वाटते. मिशो मामा शेवटी कसा झाला होता ते आपण दोघींनी बघितलंय, त्याला खुर्चीला बांधायचे. मला त्या खुर्चीची भीती वाटते. त्याहून जास्त रेजिनाची वाटते. ती परवा दारात उभी राहून हसत होती, हातात लोणच्याची बरणी, आणि मी तिच्या हाताकडेच बघत राहिले. कप उचलते, मी बघते. सुई ओवते, मी बघते. पोरगी म्हणते, "आई, माझ्या नखांना काय झालंय?"

मावशी म्हणते, बाळंत होईपर्यंत बोलू नका, मूल दचकतं. रुडी म्हणतो, आत्ता सांग. "मला कुणी सांगितलं असतं तर मी बापाला वीस वर्षं शिव्या घातल्या नसत्या," म्हणाला. तू सांग, मी काय करू? आणि डेनिस जूनमध्ये लग्न करतोय. त्याचं तू काय करणार?

उत्तर लिही. फोन नको. फोनवर मला बोलता येणार नाही.

सिल्का

*

सहा नंबर वस्ती
२७ डिसेंबर

प्रिय ओलिन्का,

अक्षर तू ओळखलंच असशील. रेजिना लिहिते आहे, मी सांगते. माझ्या शुद्धलेखनाला नावं ठेवत लिहिते आहे.

तुझं पत्र आलं नाही. कार्डही नाही. मी रागावलेली नाही. मीही तुझ्या जागी असते तर टपालपेटीच्या वाटेने गेले नसते.

मी ठरवलं होतं, मूल होईपर्यंत बोलायचं नाही. नाताळची आदली संध्याकाळ आली. मशरूमचं सूप, खसखस घोळलेले पावाचे बोबाल्की, सगळं रेजिनाने केलं, मी नुसती सूचना देत होते. टेबलाशी मावशी, रुडी, एमिल, रेजिना आणि जावई, आणि आपल्या गेलेल्यांसाठी एक रिकामं ताट. पहिली चांदणी दिसली, प्रार्थना झाली आणि मधाची वाटी माझ्यापुढे आली.

तुला आठवतं ना, आई आपल्या कपाळावर मधाचा क्रॉस काढायची? वर्षभर मधासारखे गोड राहा म्हणून, आणि आपण जिभेने चाटायचा प्रयत्न करायचो. मी वाटी एमिलकडे सरकवली. म्हटलं, या वर्षी तू काढ.

"बाबा कशाला?" रेजिना म्हणाली. "आईनेच काढायचा असतो."

"माझं बोट कापलंय."

"दाखव."

दाखवायला कापलेलं काही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग डोकं पुढे केलं, डोळे मिटले. आता काय करणार? मी मधात बोट बुडवलं. उभी रेघ ओढली ती भुवईत शिरली. आडवी तर थेट कानाकडे गेली. जावई हसला, बिचाऱ्याला काय माहीत. रेजिनाही हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने माझं मनगट धरलं. ते तिच्या मुठीत हलत होतं, पकडलेल्या चिमणीसारखं, आणि ती सोडीना.

"आई," ती म्हणाली, "हे रुडीमामासारखं आहे."

सूप गार होत होतं. रुडी म्हणाला, "अगं, नुसतं सारखं कशाला, घराण्याचं आहे. मी एकट्याने किती दिवस मिरवू?"

मग मी सांगितलं. सबोल, भाडेकरू, पाळणा, मेणबत्ती, गोल आणि चौकोन. तिच्या गोलापर्यंत मी आणलं. पुढचं मावशीने सांगितलं.

रेजिना रडली नाही. चिडली. असली चिडली की मावशीसुद्धा गप्प. "सगळ्यांना माहीत होतं! बाबांना माहीत, मावशीला माहीत, रुडीमामाला माहीत! पोट माझं आहे, आणि तुम्ही माझ्याशी कोबीच्या गप्पा मारत बसलात?" जावई तिला धरायला गेला तर त्याच्या हातावर फटका. तो म्हणाला, "मलाही आत्ताच कळतंय गं!" मग ती खाली बसली आणि म्हणाली, "कधी कळतं?"

"चाळिशीच्या पुढेमागे," मी म्हटलं. "किंवा कधीच नाही. तुझं नाणं अजून हवेत आहे."

(ओल्गा मावशी, मी अशी ओरडले नाही. थोडी ओरडले. — रे.)

आता शेवटचं ऐक. जेवण झाल्यावर सफरचंद आलं. आडवं कापायचं, आत बियांची पूर्ण चांदणी निघाली तर वर्षभर सगळे धडधाकट. किडकी किंवा तुटकी निघाली तर टेबलाभोवतीचं कुणीतरी त्या वर्षी जातं. दरवर्षी एमिल कापतो. त्याने सुरी उचलली आणि थांबला. मी त्याला इतका घाबरलेला कधी बघितला नाही, खाणीत अडकला होता तेव्हासुद्धा नाही. सुरी सफरचंदावर टेकवायचा, उचलायचा. मावशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, आता हे फळ फुटलं तर मी इथेच मरेन.

रेजिनाने त्याच्या हातातून सफरचंद काढून घेतलं आणि कचकन एक चावा घेतला. बिया, देठ, चांदणी काय असेल ते, सगळं चावलं. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "मला भूक लागलीय. आणि मूल एप्रिलात होणार आहे, चांदणी असो नाहीतर नसो." मग उरलेलं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "खा." मी खाल्लं. माझ्या हातातून दोनदा पडलं, दोनदा तिने उचलून दिलं. मग सगळ्यांनी एकेक चावा घेतला, रुडीनेही. चांदणीचं काय झालं ते आता कुणालाच कळणार नाही.

भीती गेलेली नाही, ओल्गा. तसं वाटू देऊ नकोस. आज सकाळीही जाग आली ती भीतीनेच. पण आता टेबलाशी ती माझ्या एकटीची नाही, एवढंच झालंय.

(ओल्गा मावशी, इथे आई रडते आहे. लिहू नकोस म्हणते. — रे.)

डेनिसला सांग. त्याने विचारल्यावर नको, त्याच्या आधी. हॅरॉल्डला शेजारी बसव, कोपराला धरायला कुणीतरी लागतं. आणि पुढच्या नोव्हेंबरात ये. सबोलच्या थडग्यावर आईची मेणबत्ती आता तू आणि मी लावायची आहे, मावशीला गुडघे वाकवत नाहीत. पण त्याआधी खालच्या रांगेत थांबायचं, हुडाक आजोबांपाशी. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. आपण त्यांच्या पुढे नेहमी आईचीच एक लावत आलो. तिथे तू तुझी वेगळी लाव, मी माझी लावते, रेजिना तिची. आणि मांडीवर जे असेल त्याचीही एक.

सही मात्र मीच करणार. रेजिना कागद दाबून धरते आहे. सहीकडे नीट बघ, हसू नकोस. आणि पहिल्या पत्रातलं ते आखूड पायाचं विसर. टेबल चांगलं आहे.

तुझी
सिल्का